रक्तवाढीच्या गोळीचं पाकीट कसं वाचायचं

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी आमचं मेडिकल सामसूम असतं. बाया सगळ्या वावरात असतात. अशाच एका दुपारी शेजारच्या गावच्या एक काकू आल्या आणि पिशवीतून दोन वस्तू काढून काउंटरवर ठेवल्या. एक उपकेंद्रातून मिळालेलं लाल गोळ्यांचं पाकीट, दुसरी कुणीतरी सांगितली म्हणून घेतलेली टॉनिकची बाटली. सून पाच महिन्यांची गरोदर होती आणि तपासणीत रक्त नऊ टक्के निघालं होतं.

"पाय बरं ताई, यातलं कोनतं जास्त ताकदीचं हाये? बाटलीवर एकशे साठ लिवलं हाये म्हने, अन् गोयीवर साठच. गोयी तं फुकटाची हाये."

बाटलीवर १६० छापलेलं होतं, ते खरंच. पण त्या दिवशी दोन्ही वस्तू उलट्या करून मागचं बारीक अक्षर आम्ही दोघींनी मिळून वाचलं, तेव्हा हिशेब पार उलटा निघाला. तो हिशेब पुढे मांडते आहे. आधी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण आपल्या विदर्भात ती विसरली तर पुढचं सगळं चुकतं.

आधी बघा, कमी आहे ते लोहच आहे का?

"रक्त नऊ टक्के" ऐकलं की माणूस घाबरतो, शंभरातलं नऊच उरलं असं त्याला वाटतं. तसं नसतं. १०० मिलिलिटर रक्तात ९ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, एवढाच त्याचा अर्थ. गरोदर बाईला ११, गरोदर नसलेल्या बाईला १२ आणि पुरुषाला १३ यापेक्षा कमी असेल तर रक्त कमी धरतात. ७ च्या खाली गेलं तर गोळ्या-टॉनिकवर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांचं आणि पाच वर्षांच्या आतल्या ६८.९ टक्के मुलांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे घरटी कुणीतरी असणारच.

पण रक्त कमी होण्याचं कारण प्रत्येक वेळी लोहच असेल असं नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि यवतमाळ-अमरावतीच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तो कुठल्या एकाच समाजाचा आजार नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्यातलं लोह शरीराबाहेर जात नाही, आतच राहतं. वरून रक्त चढवावं लागलं, तर एका पिशवीमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आणखी शरीरात येतं. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साचत जातं. अशा माणसाला "रक्त कमी आहे ना, मग घे" म्हणून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या दिल्या तर चांगलं करता करता वाईट होतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचंही तसंच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: घरात कुणाची सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर ती आधी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या रक्तावर साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे पक्कं करतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. गावात पथक आलं की वावराचं काम एक तास मागे ठेवा, पण तपासणी चुकवू नका. निव्वळ वाहक निघालेल्याला, म्हणजे ज्याच्यात दोष आहे पण आजार नाही त्याला, लोहाची कमतरता असेल तर तो इतरांसारख्याच गोळ्या घेऊ शकतो. रुग्ण निघाला तर मात्र डॉक्टर फेरिटिन नावाची तपासणी करतात, तिच्यावरून शरीरात लोहाचा साठा किती आहे ते कळतं. साठा खरंच कमी असेल तरच लोह द्यायचं.

पुरुषांबद्दलही एक सांगते. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं, तर गोळी घेऊन गप्प बसू नका. मूळव्याध, पोटातला अल्सर, कधी त्याहून गंभीर आजार, कुठून तरी रक्त जात असतं. ते शोधायला हवं.

आता पाकीट उलटं करा

समोर ब्रँडचं नाव आणि डाळिंबाचं नाहीतर हसऱ्या बाईचं चित्र असतं. ते सोडा. पाकिटाची चंदेरी बाजू बघा. अक्षर बारीक आणि इंग्रजीत असतं. घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला लावा किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करा. पहिली ओळ "ईच टॅब्लेट कंटेन्स" अशी असते. म्हणजे एका गोळीत काय काय आहे. त्याखाली लोहाच्या क्षाराचं नाव येतं: फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, असं काहीतरी. नावापुढे "आय.पी." असेल तर ते भारतीय औषधसंहितेच्या प्रमाणानुसार आहे असं समजा. इथेच बहुतेक जण फसतात, कारण नावापुढचा मोठा आकडा हा त्या क्षाराचा असतो, लोहाचा नसतो.

आपल्याकडच्या माणसाला हे कापसावरून चटकन कळतं. क्विंटलभर कापूस जिनिंगला नेला तर रुई निघते तेहतीस ते पस्तीस किलो, बाकीची सरकी. कापूस क्विंटल आहे म्हणून रुई क्विंटल होत नाही. तसंच ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह असतं जवळपास १००, म्हणजे तेहतीस टक्के. त्यातल्या "रुई"ला पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" म्हणतात, कधी "फेरस आयर्न" लिहितात. "ईक्यू. टू" किंवा "इक्विव्हॅलंट टू" हे शब्द शोधा. त्यांच्यापुढे जो आकडा येतो, तोच आपल्या कामाचा.

काही क्षारांचा उतारा, म्हणजे त्यातून लोह किती निघतं ते, लक्षात ठेवला तर बरं पडतं. कोरडं फेरस सल्फेट म्हटलं की साधारण तीस टक्के धरा. २०१८ पूर्वी सरकारी मोठ्या गोळीत ते ३३५ मिलिग्रॅम असायचं आणि त्यातून १०० मिलिग्रॅम लोह मिळायचं. पाणी धरून ठेवलेलं फेरस सल्फेट वीस टक्क्यांचं. फेरस ग्लुकोनेटमध्ये बाराच टक्के, म्हणजे ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटची गोळी खाऊन पोटात लोह जातं ३६. कार्बोनिल आयर्न मात्र जवळपास सगळंच लोह असतं, त्यामुळे त्याचा आकडा लहान दिसला तरी कमी समजू नका. फेरस अ‍ॅस्कॉर्बेट आणि आयर्न पॉलिमाल्टोजच्या पाकिटांवर बहुतेक वेळा थेट "एलिमेंटल आयर्न १०० मिग्रॅ" असंच लिहिलेलं असतं, तिथे हिशेब करायची गरज नाही.

आता काकूंच्या बाटलीकडे येऊ. मागे लिहिलं होतं: दर १५ मिलिलिटरमध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट १६० मिलिग्रॅम, म्हणजे एलिमेंटल आयर्न ३२.८ मिलिग्रॅम. सरकारी पाकिटावर लिहिलं होतं: कोरडं फेरस सल्फेट, फेरस आयर्न ६० मिलिग्रॅमइतकं, सोबत जीवनसत्त्व म्हणून फॉलिक अ‍ॅसिड ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे गोळीच्या ६० शी तुलना करायची ती बाटलीच्या १६० ची नाही, ३२.८ ची. सुनेचं रक्त नऊ, त्यामुळे तिला नर्सबाईंनी रोज दोन गोळ्या सांगितल्या होत्या, म्हणजे १२० मिलिग्रॅम लोह. तेवढंच लोह बाटलीतून द्यायचं तर रोज ५५ मिलिलिटर पाजावं लागलं असतं आणि २०० मिलिलिटरची बाटली चार दिवसांच्या आत संपली असती. वरून, क्षाराच्या नावातला "फेरिक" शब्द बघा. फेरिक रूपातलं लोह आतड्याला फेरसपेक्षा कमी शोषता येतं. बाटलीची किंमत वेचणीच्या एका दिवसाच्या मजुरीहून जास्त होती. काकू बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या.

टॉनिक वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. ज्याला गोळी गिळवत नाही, त्याला पातळ औषध लागतंच. पण सरकारी लाल गोळी फुकट मिळते म्हणून कमी ताकदीची, हा समज मला रोज दुकानात भेटतो आणि रोज वाईट वाटतं. एका घरात मी बिस्किटाच्या डब्यात लाल गोळ्यांची आठ पाकिटं पडलेली पाहिली आहेत. घरातल्या सुनेचा चेहरा पांढराफटक होता.

एककं आणि चमचे

फॉलिक अ‍ॅसिड कुठे "५०० एमसीजी" असतं, कुठे "०.५ एमजी". दोन्ही एकच. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. हे माहीत नसलं की एका गोळीत ५०० आणि दुसरीत अर्धाच, असा घोळ होतो.

पातळ औषधात सगळ्यात आधी "ईच" या शब्दापुढचा आकडा बघायचा. कुठे दर ५ मिलिलिटर, कुठे दर १०, कुठे १५, आणि लहान मुलांच्या ड्रॉप्सवर दर १ मिलिलिटर. दोन बाटल्यांवरचे आकडे सारखे दिसले तरी एकीची मात्रा तिप्पट असू शकते. घरातला चहाचा चमचा मापाला वापरू नका, कुठल्याच घरचा चमचा दुसऱ्या घरासारखा नसतो. बाटलीसोबत मिळालेलं टोपण किंवा ड्रॉपरच वापरा.

अंगणवाडीतून सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांसाठी जी छोटी, ५० मिलिलिटरची बाटली येते, तिच्याबद्दल तर फारच जपा. तिच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असतं. आठवड्यातून दोनदा, एका वेळी एकच मिलिलिटर. "एक चमचा" समजून ५ मिलिलिटर पाजलं तर एकाच वेळी १०० मिलिग्रॅम लोह पोटात जातं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीने असंच केलं, ती नातवाला वाढवायला निघाली होती. बाळाला उलट्या झाल्या, नशिबाने त्यापुढे काही झालं नाही. बाटलीच्या टोपणातून नेमकी मात्रा येण्याची सोय केलेली असते, ती काढून टाकू नका. पातळ औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वरून पाणी पाजा, म्हणजे दात काळे पडत नाहीत.

रंगावरून ओळख

२०१८ साली ॲनिमिया मुक्त भारत हा कमी रक्ताविरुद्धचा कार्यक्रम आला, त्यात वयाप्रमाणे गोळीचा रंग वेगळा आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची, आठवड्यातून एक. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना निळी, ६० मिलिग्रॅमची, तीही आठवड्यातून एकच, शाळेत ठरलेल्या वारी. गरोदर बाईला लाल, ६० मिलिग्रॅमची, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त आधीच कमी असेल तर रोज दोन. वीस ते एकोणपन्नास वयाच्या गरोदर नसलेल्या बायांना तीच लाल गोळी आठवड्याला एक. रंग फक्त वरच्या साखरेच्या लेपाचा आहे, औषधाची ताकद रंगात नसते. लाल आणि निळीत लोह सारखंच आहे, फरक किती दिवसांनी घ्यायची याचा आहे.

मुलाला ताप असेल, जुलाब लागलेले असतील, तर तेवढे दिवस ही गोळी थांबवा. ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याला शाळेतलीही देऊ नका, बाईंना तसं आधीच सांगून ठेवा.

औषध वेगळं, सप्लिमेंट वेगळं

आता मोबाइलवरून मागवलेले डबे गावातही येतात: चघळायच्या गमी, पावडरी, "आयर्न प्लस" नावाच्या कॅप्सूल. त्यांच्यावर "हेल्थ सप्लिमेंट" आणि "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापलेलं असतं, आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा खात्याच्या चिन्हाजवळ १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तो असला की ते अन्नाच्या कायद्याखालचं आहे, औषधाच्या नाही. औषधावर "एमएफजी. लायसन्स नंबर" म्हणजे औषधनिर्मितीचा परवाना, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ते घरात ठेवूच नका.

सप्लिमेंटवर "% आरडीए" असा एक रकाना असतो. निरोगी माणसाला दिवसाला जेवढं लोह अन्नातून मिळायला हवं, त्याचा किती भाग एका मात्रेत आहे, ते त्यात लिहितात. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९, गरोदर बाईला २७ लागतं. आकडे मोठे आहेत, कारण भाकर-वरण-भातातून त्यातला थोडाच वाटा अंगी लागतो. समजा गमीच्या डब्यावर आयर्न १४.५ मिलिग्रॅम, ५० टक्के आरडीए असं आहे. आधी "सर्व्हिंग साइज" बघा, कारण तो आकडा बऱ्याचदा दोन गमींचा असतो. मग रक्त ज्याचं नऊ आहे त्याला रोज १२० लागत असताना, चौदा-पंधराने काय होणार ते तुम्हीच पाहा. निरोगी माणसाची रोजची भर म्हणून सप्लिमेंट ठीक. रक्त कमी झाल्यावरचा इलाज म्हणून ते घेऊ नये. "फेरस बिसग्लायसिनेट" असं नाव दिसलं तर ते पोटाला जरा सौम्य पडतं, पण तिथेही एलिमेंटलचाच आकडा बघायचा.

आयुर्वेदिक पुड्यांवर लोह भस्म, मंडूर भस्म असं लिहिलेलं असतं, एलिमेंटल लोह किती ते बहुधा नसतंच. वैद्यांनी दिलं असेल तर त्यांच्या सल्ल्याने घ्या, पण सोबत लाल गोळी सुरू आहे हे त्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा.

रेशनच्या तांदळात मधूनमधून वेगळे दाणे दिसले की लोक प्लास्टिकचे समजून निवडून फेकतात. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे आहेत, शंभर साध्या दाण्यांमागे एक. असा तांदूळ पाकीटबंद असेल तर त्यावर "प्लस एफ" असं चिन्ह असतं. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पावशेरापेक्षा जरा कमी, २०० ग्रॅम तांदळात साधारण साडेपाच ते साडेआठ. हा गोळीला पर्याय नाही, रोजच्या ताटातली भर आहे.

गोळी अंगी लागण्यासाठी

लेबल नीट वाचलं, बरोबर गोळी घेतली, आणि ती चहाबरोबर गिळली, तर पैसे आणि महिने दोन्ही वाया. चहातला तुरटपणा लोहाला आतड्यातच धरून ठेवतो. आपल्याकडे पहाटे कोरा चहा, वावरातून आल्यावर चहा, पाहुणा आला की चहा. म्हणून गोळीची वेळ चहापासून किमान एक तास आगे-मागे ठेवा. दुधाचंही तेच. "ताकद यावी" म्हणून दुधाबरोबर लाल गोळी देणारी सासू मला खूप भेटते, तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण दुधातलं कॅल्शियम लोहाला आडवं येतं.

गरोदर बाईला कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, दिवसातून दोन. त्या आणि लाल गोळी कधीच एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. मी सांगते ती वेळ अशी: कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या जेवणाबरोबर आणि दुसरी दुपारच्या शिदोरीबरोबर, लोहाची रात्री झोपताना. गॅसची गोळी सुरू असेल, थायरॉइडची असेल, अँटिबायोटिक असेल तर मेडिकलवाल्याला नक्की सांगा. थायरॉइडच्या गोळीत आणि लोहात चार तासांचं अंतर लागतं, आणि पोटातलं आम्ल मारणाऱ्या गोळ्यांनी लोह कमी शोषलं जातं.

खरं तर रिकाम्या पोटी लोह सगळ्यात चांगलं अंगी लागतं, पण मळमळतं. मळमळलं की बाया गोळीच बंद करतात. त्यापेक्षा जेवणानंतर घ्या, थोडं कमी लागलं तरी चालेल. सोबत आंबट काहीतरी असू द्या: अर्ध्या लिंबाचं पाणी, पेरू, हिवाळ्यात आवळा. आणि संत्रं तर आपल्या घरचंच आहे, वरुड-मोर्शी-काटोलकडे हंगामात ढिगाने असतं. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

संडास काळी होणारच. "गोयी खाल्ली का संडास कायी होते, आतून काई जयलं त नसंन ना?" असं विचारणारी बाई पोटात भीती घेऊन आलेली असते. जळत काही नाही, न शोषलेलं लोह बाहेर पडतं. फक्त संडास डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली आणि चक्कर, पोटदुखी असेल, तर ते रक्त असू शकतं. तेव्हा दवाखाना. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा, ज्वारीची भाकर, पालेभाजी खा.

काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी लिहून देतात. त्याला कारण आहे. एक मोठी मात्रा घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि जवळपास दिवसभर पुढचं लोह शोषणं मंदावतं. पण गरोदरपणात हे मनाने करू नका, रोजची सांगितली असेल तर रोजच घ्या. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको.

महिन्याने पुन्हा मोजा

पाकिटाच्या मागे सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा. एका महिन्याने हिमोग्लोबिन तपासा, निदान एका ग्रॅमने वाढायला हवं. नऊचं दहा झालं तर बरोबर चाललंय. आणि बारा झालं म्हणून लगेच थांबू नका, शरीराचा साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. बहुतेक जण इथेच सोडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नऊवर येतात.

वाढलंच नाही तर महागडी बाटली आणण्याआधी कारण शोधा. गोळी खरंच पोटात गेली का? चहाबरोबर गेली का? पाळीला जास्त जातं का? पोटात जंत आहेत का? अनवाणी वावरात फिरणाऱ्याच्या पायातून अंकुशकृमी शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणून वर्षातून दोनदा जंताची गोळी असते. निव्वळ शाकाहारी घरात बी-१२ कमी असू शकतं. मलेरिया, क्षय, सिकलसेल हेही तपासायला हवं. तरीही वाढत नसेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर डॉक्टर लोह सलाइनमधून देतात. ते दवाखान्यातच, घरी येऊन कुणी देत असेल तर घेऊ नका.

गोळी ठेवायची कुठे

टिनाच्या घरात मे महिन्यात तापमान काय होतं ते सांगायला नको. गोळ्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, माठाजवळच्या ओलीतही नको. मधल्या खोलीत, झाकणाच्या डब्यात, पाकिटातच राहू द्या. लेप फुटलेली, ठिपके पडलेली, चिकटलेली गोळी घेऊ नका. कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या कुणी दिल्या तर पाकीट मागा, एक्स्पायरी कळायला दुसरा मार्ग नाही.

आणि डबा लेकराच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर हवा. लाल, गोड लेपाची गोळी लेकराला चॉकलेट वाटते. दहा किलोच्या लेकराने दहा लाल गोळ्या खाल्ल्या तर ६०० मिलिग्रॅम लोह पोटात जातं, वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम. एवढं लोह जीवघेणं असू शकतं. आधी उलट्या, पोटात दुखणं, रक्ताचे जुलाब होतात. मग काही तास लेकरू बरं वाटतं, खेळायलाही लागतं. याच वेळी घरचे निश्चिंत होतात, आणि पुढे एकाएकी बिघडतं. म्हणून बरं वाटलं तरी थांबू नका, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि निघा. निघताना पाकीट सोबत घ्या, फाटलेलं असलं तरी. रिकामे झालेले खळगे मोजून आणि मागची ती बारीक ओळ वाचून पोटात किती लोह गेलं याचा हिशेब डॉक्टर करतात.